तिची लग्नं कोणी मोजायची?

आपल्या बायकांच्या बोलण्यात एखाद्या गाणाऱ्या बाईचं नाव निघालं की दुसरा प्रश्न कोणता येतो, याकडे कधी लक्ष दिलंय का? पहिला असतो, "ही कोण हो?" आणि दुसरा, "नवरा कोण तिचा?" बाईचं एकाहून जास्त वेळा लग्न झालेलं असलं तर मग तिसरा प्रश्न येतच नाही. गाणं बाजूला राहतं. कुणाशी, कधी, का मोडलं, त्याची आधीची होती का, मुलांचं काय झालं, हे सगळं पापडाची लाटी फिरवावी तसं हातोहात फिरतं.

पुरुष गवयाचं तसं नसतं. त्याचं नाव निघालं की घराणं निघतं, गुरू निघतो, त्याचा तो एक ठेवणीतला राग निघतो. बुवांची दोन घरं होती हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते कुणीतरी हसून, "कलावंत माणूस!" म्हणून सांगतं. कलावंत माणसाला जे माफ आहे ते कलावंत बाईला का नाही, एवढंच मला आज विचारायचं आहे. आणि ते मी पुरुषांना विचारत नाहीये. मैत्रिणींनो, मी तुम्हाला विचारतेय, कारण ही वही पुरुषांनी उघडली असली तरी ती रोज लिहितो आपणच.

आपल्या हैदराबादचीच गोष्ट घ्या. तेलुगू गायिका सुनीता. 1995 सालच्या 'गुलाबी' चित्रपटापासून ती गातेय, आणि गाण्याइतकंच तिचं दुसरं काम मोठं आहे. ती नायिकांना आवाज देते. पडद्यावर चेहरा दुसरीचा, कधी ती मुंबईहून आलेली, तेलुगूचा गंध नसलेली. आणि तिच्या तोंडून जे हसणं, रडणं, रुसणं आपण ऐकतो ते सुनीताचं. शेकडो चित्रपट. म्हणजे आपण ज्यांना घरी टीव्हीवर बघत भाजी निवडली, त्यातल्या कितीतरी नायिका कानांना सुनीताच होत्या. जानेवारी 2021 मध्ये या बाईने दुसरं लग्न केलं. चाळिशी ओलांडलेली, दोन मोठ्या मुलांची आई. झालं! गावभर एकच विषय. "या वयात?" "मुलांसमोर?" पंचवीस वर्षांचं काम कुणाच्या तोंडी नव्हतं. आमच्याच सोसायटीत, तेलुगू, मराठी, मारवाडी, गुजराती सगळ्या बायका ज्या एका गोष्टीवर एकमताने बोलल्या अशी ती मला आठवणारी एकमेव गोष्ट. पाण्याच्या टँकरवर कधी एवढं एकमत झालं नाही.

ही सवय आजची नाही. मराठी माणसाला तर ती संगीत रंगभूमीच्या काळापासून आहे. म्हणून मी आज दोन बहिणींची गोष्ट मांडणार आहे. दोघी जन्माने मराठी नव्हेत, पण एकीचं नाव मराठी नाटकाशी कायमचं जोडलं गेलं, आणि तेही शिव्यांसकट.

विजापूरकडचं बिळगी हे गाव. आज ते कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे; तेव्हाचा विजापूर जिल्हा मुंबई इलाख्यात होता. सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, हैदराबाद हा सगळा पट्टा असा की बाजारात कन्नड, नाटकात मराठी आणि गाण्यात उर्दू एकाच माणसाच्या तोंडी असायची. हैदराबादेत वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. त्या गावच्या एका मुसलमान, गाणंबजावणं असलेल्या घरातल्या या दोघी. गोहर आणि अमीरबाई. आडनाव म्हणून दोघींनी प्रांताचंच नाव लावलं, कर्नाटकी. दोघी नाटकात गायल्या, दोघी मुंबईला गेल्या, दोघी बोलपटात आल्या.

आधी अमीरबाई. 1934 च्या सुमारास ती पडद्यावर आली. त्या वेळी जिला गाता येई तीच नायिका होई, कारण गाणं तिथल्या तिथे, कॅमेऱ्यासमोर म्हणावं लागे. पुढे पार्श्वगायन रुळलं. गळा एकीचा, चेहरा दुसरीचा. अमीरबाई त्या नव्या धंद्यातल्या पहिल्या मोठ्या गायिकांपैकी एक. 1943 साली बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' आला. नायिका मुमताज शांती, संगीत अनिल विश्वास यांचं, आणि त्यातली गाजलेली कितीतरी गाणी अमीरबाईच्या गळ्यातली. कलकत्त्याला तो चित्रपट एकाच थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. पुढच्याच वर्षी नौशाद यांचा 'रतन', त्यातही ती आहे. हिंदीबरोबर गुजराती आणि कन्नडमध्ये गायली. 1948 साली 'शहनाज' चित्रपटाला तिने संगीत दिलं. बाईने संगीत दिग्दर्शन करायचं म्हणजे वादकांच्या ताफ्यापुढे उभं राहून पुरुषांना "पुन्हा वाजवा" म्हणायचं. आजही हे करणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या आहेत. विजापुरात तिच्या नावाचं चित्रपटगृह उभं राहिलं, अमीर टॉकीज.

त्या काळी पार्श्वगायिकेचं नावसुद्धा धड मिळत नसे. तबकडीवर गाणारीऐवजी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापत. 1949 साली 'महल'मधल्या लताबाईंच्या गाण्याच्या तबकडीवर 'कामिनी' असं मधुबालाच्या भूमिकेचं नाव होतं, हे प्रसिद्धच आहे. म्हणजे लोक ज्या आवाजावर जीव टाकत, तो कुणाचा हे त्यांना माहीत नसे. पण त्या आवाजाच्या घरात काय चाललंय हे मात्र माहीत असे. बाईचं नाव तबकडीवर यायला वेळ लागला, चव्हाट्यावर यायला लागला नाही.

अमीरबाईचा पहिला नवरा हिमालयवाला. तोही नट, खलनायकी भूमिकांत गाजलेला. हा संसार सुखाचा नव्हता. तिच्याविषयी ज्यांनी लिहिलं त्यांनी मारहाणीविषयी लिहिलंय, तिच्या कमाईवर डोळा ठेवल्याविषयी लिहिलंय. 'किस्मत'च्या, 'रतन'च्या आगेमागे, जेव्हा देशभर दुकानादुकानांत तिचा आवाज वाजत होता, तेव्हा घरी हे. ती त्यातून बाहेर पडली. फाळणीनंतर तो पाकिस्तानात गेला आणि तिथल्या चित्रपटांत नाव मिळवून राहिला. अमीरबाईने पुढे बद्री कांचवाला यांच्याशी लग्न केलं. हे 'पारस' या चित्रपटविषयक पत्राचे संपादक. 3 मार्च 1965 ला ती गेली.

दोन लग्नं. एक मार खाण्याचं, एक आपल्या मर्जीचं. यात चघळण्यासारखं काय आहे, हे मला खरंच कळत नाही. असलंच तर त्यात एक धडा आहे, की जिची कमाई मोठी तिलाही मार चुकत नाही, आणि जी कमावते तिला निदान दार उघडून बाहेर पडता येतं.

आता माझा मुख्य मुद्दा. याच आपल्या समाजाला मार खाणाऱ्या बाईचं दुःख कळत नव्हतं का? कळत होतं. भरपूर कळत होतं. 1919 साली राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. दारूच्या नादी लागलेला सुधाकर आणि सगळं सोसणारी, दळण दळून पोट भरणारी, शेवटी जीव जाईपर्यंत नवऱ्याचा दोष दुसऱ्याला दिसू न देणारी सिंधू. गंधर्व नाटक मंडळीच्या त्या प्रयोगाला लोक धाय मोकलून रडत. माझ्या आजीच्या पिढीने सिंधूला रडून पदर भिजवले. आणि सिंधू कोण होतं? बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस, पुरुष.

बालगंधर्वांच्या गाण्याला नि अभिनयाला मी नावं ठेवणार नाही. तेवढी माझी लायकीही नाही. पण बघा, पंचवीस-तीस वर्षं मराठी बाईने साडी कशी नेसावी, दागिना कोणता घालावा, लाजावं कसं नि सोसावं कसं, हे तिला एका पुरुषाने शिकवलं. घरोघरच्या बायका त्यांची नेसण उचलत. आणि त्यांनी दाखवलेली आदर्श बायको कोण, तर मार खाऊन मरणारी. ती मेली म्हणून ती देवी. अमीरबाई मेली नाही, घर सोडून निघाली, पुन्हा लग्न केलं, चांगली जगली, म्हणून तिच्यासाठी पदर भिजला नाही. पुरुषाने रंगवलेल्या दुःखाला टाळी, आणि बाईने खरोखर भोगलेल्या दुःखाला "तिचंही काहीतरी असेलच" हे उत्तर! हा न्याय आपण किती दिवस चालवायचा?

आता मोठी बहीण, गोहर. तिच्याबद्दल तर मराठी घरांत विचारूच नका. बालगंधर्वांचं नाव निघालं की जुनी माणसं हात जोडतात, आणि गोहरबाईचं निघालं की तेच हात झटकतात. तिच्यावर ठेवले जाणारे आरोप तीन. तिने त्यांना कर्जात बुडवलं. तिने त्यांचं घर मोडलं. आणि तिसरा, जो पूर्वी मोठ्याने म्हणत आणि आता हळू म्हणतात, की ती मुसलमान. एकेक घेऊ.

पैशाचं आधी. मी घर चालवणारी बाई आहे, मला जमाखर्च कळतो. कोणत्या महिन्यात कुठल्या रकान्यात काय होतं ते पाहिल्याशिवाय मी भाजीवाल्यालाही दोष देत नाही. तर रकाने बघा. गंधर्व नाटक मंडळी निघाली 1913 साली. खर्च कसा? खरे शालू, उंची अत्तरं, भरजरी पडदे, साथीला थिरकवाँसाहेबांसारखा तबलजी नि कादरबक्षांची सारंगी. सगळं उत्तम आणि सगळं उधळेपणाचं. 1921 साली मंडळी मोठ्या कर्जात होती. ते कर्ज बालगंधर्वांनी अंगावर घेतलं आणि पुढची काही वर्षं खेळामागून खेळ करून फेडलं. त्या जिद्दीला दाद द्यावी तेवढी थोडी. पण खर्चाचा हात आखडला नाही. मग बोलपट आला, नाटकाचा प्रेक्षक तिकडे गेला, आणि मंडळी चालवणं अशक्य होऊन ते 'प्रभात'मध्ये गेले. 1935 चा 'धर्मात्मा' हा त्यांचा तिथला एकमेव चित्रपट.

गोहर त्यांच्या मंडळीत आली 1938 साली.

पुन्हा वाचा. कर्ज 1921 चं, बोलपटाची लाट 1931 पासूनची, 'धर्मात्मा' 1935 चा, आणि गोहर 1938 ची. आग विझून राख झालेल्या चुलीपाशी जी बाई उशिरा येऊन बसली, तिच्यावर घर जाळल्याचा आळ! बरं, ज्या पुरुषाचा व्यवहार कच्चा होता त्याला आपण म्हणतो, "देवमाणूस, पैशाचा मोह नव्हता." मोह नव्हता हे मान्य. पण हिशेब नव्हता, त्याचं खापर पुढच्या बाईच्या डोक्यावर का? आपल्या घरांतही असंच असतं, नाही का? मुलाने धंदा बुडवला की "सून आल्यापासून बरकत गेली." आणि हे म्हणतं कोण? सासू. म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी.

आता दुसरा आरोप, घर मोडल्याचा. हा मी हलका करणार नाही. बालगंधर्वांच्या पत्नी लक्ष्मीबाई. 1907 साली त्यांचं लग्न झालं, 1940 साली लक्ष्मीबाई गेल्या. शेवटच्या वर्षांत त्यांच्या वाट्याला जे आलं ते कुठल्याही बाईच्या वाट्याला येऊ नये. "गोहरशी लग्न झालं 1951 ला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या माघारी," असं तारखांवर बोट ठेवून मी सुटका करून घेणार नाही, कारण जवळीक आधीची होती. लक्ष्मीबाईंचं दुःख खरं आहे. पण त्या दुःखाचा जाब कुणाला विचारायचा? लग्नाच्या वेळी लक्ष्मीबाईंचा हात धरून सात पावलं गोहर चालली नव्हती.

आणि ज्यांना लक्ष्मीबाईंचा एवढा कळवळा, त्यांना मी आणखी एक विचारते. 'मानापमान'चा पहिला प्रयोग 1911 सालचा. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, गायले. ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, कलेवरची निष्ठा म्हणून. ती निष्ठाच होती, मला त्यात शंका नाही. पण त्या रात्री घरी लक्ष्मीबाई काय करत होत्या, हा प्रश्न शंभर वर्षांत किती जणींनी विचारला? पोटची पोर गेलेली, आणि नवरा शालू नेसून दुसऱ्या बाईचं लटकं रुसणं गातोय. तेव्हा कुणाला लक्ष्मीबाई आठवल्या नाहीत. त्या आपल्याला फक्त गोहरला बडवायची वेळ आली की आठवतात. एका बाईचं दुःख दुसऱ्या बाईवर उगारायला लाकूड म्हणून वापरायचं, आणि ज्याच्यामुळे ते झालं त्याच्या तसबिरीला हार घालायचा, याला मी कळवळा म्हणत नाही.

तिसरा आरोप धर्माचा. त्यावर मी फार बोलणार नाही. ज्या रंगभूमीचा तबला मुसलमानाचा, सारंगी मुसलमानाची, जिच्या पदांच्या चाली उस्तादांच्या बंदिशींवरून बांधलेल्या, तिथे बायको तेवढी मुसलमान चालत नाही, हे कसलं सोवळं? मैफलीत हात चालतो, संसारात चालत नाही!

गोहरने काय केलं ते कुणी सांगत नाही. बालगंधर्वांची गायकी तिने गळ्यात अशी उतरवली होती की त्या ढंगाच्या तिच्या तबकड्या निघाल्या. ऐकणारे चक्रावून जात. ती त्यांच्या मंडळीत भूमिका करत होती, म्हणजे जिथे इतकी वर्षं पुरुष बाई होत होता तिथे बाई बाई म्हणून उभी राहिली. उतारवयात त्यांचे पाय अधू झाले. टाळ्या वाजवणारे तोवर आपापल्या घरी गेले होते. त्यांना उठवणं-बसवणं, जेवू घालणं, गायला नेणं, हे कुणी केलं? आपल्यापैकी जिने अंथरुणाला खिळलेला माणूस सांभाळलाय तिला मी समजावून सांगायला नको. ते काम पैशासाठी होत नाही, आणि त्या घरात पैसा उरलाही नव्हता. 1964 साली बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. त्याच साली गोहर गेली. 1967 साली ते गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या जन्मदिवशी, 26 जूनला, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं. योग्यच झालं. गोहरच्या वाट्याला काय आलं, तर तेवढी एक ओळ: जिच्यामुळे ते बुडाले.

तुम्ही म्हणाल, "या दोघींचं सोडा, चांगल्या घरंदाज बायका गायल्याच की, त्यांना कुणी बोललं नाही." बोललं नाही, पण त्यासाठी त्यांना काय काय द्यावं लागलं ते पाहा. हिराबाई बडोदेकर. आई ताराबाई माने, वडील अब्दुल करीम खाँ. ताराबाई खाँसाहेबांपासून मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि सगळ्या मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई झाली, सकीनाची सरस्वती झाली. का? एकटीने मुलं वाढवायची तर आधी नाव धुऊन घ्यावं लागतं, हे त्या माउलीला कळलं होतं. पुढे हिराबाईंनी तिकीट लावून, मंचावर बसून, अंगभर पदर घेऊन गाऊन दाखवलं आणि बाईच्या गाण्याला मान मिळवून दिला. पण तो पदर एक तसूभर ढळला असता तर? पुरुषाला मान मिळतो सुरावर. बाईला आधी पदरावर, मग सुरावर.

आणखी एक आक्षेप हमखास येतो. "नाटक-सिनेमावाल्यांचे संसार टिकतच नाहीत हो." मग मी त्यांना आपल्याच शहरातल्या सुरभी मंडळींकडे पाठवते. लिंगमपल्लीकडे त्यांची वसाहतच आहे, पब्लिक गार्डनमध्ये त्यांचे खेळ लागतात. मूळची मराठी बोलणारी ही घराणी. 1885 पासून तेलुगू नाटकं करतात. त्यांच्याकडे आजी, लेक, सून, नात सगळ्या रंगमंचावर. पहिल्या तेलुगू बोलपटाची, 1932 च्या 'भक्त प्रल्हाद'ची नायिका सुरभी कमलाबाई त्यांच्यातलीच. पिढ्यान्‌पिढ्या संसार नि नाटक एकाच छपराखाली चाललंय. म्हणजे गाण्याने, नाटकाने घर मोडत नाही. जिथे बाईच्या कमाईवर हक्क सगळ्यांचा आणि तिच्यावर विश्वास कुणाचाच नाही, तिथलं घर मोडतं. आणि असं घर गाणं न येणाऱ्या बाईचंही मोडतं. फक्त ते आतून मोडतं आणि बाहेरून रंग देत राहायचा असतो, म्हणून दिसत नाही.

आता माझ्या घरातलं सांगते. माझी भाची इथल्या स्टुडिओंत डबिंग करते. मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही भाषा स्वच्छ, गळा गोड. जाहिराती, कार्टून, मालिका. चांगलं कमावते. गेल्या वर्षी आमच्या समाजातलं एक स्थळ आलं, शिकलेलं. मुलाच्या आईने पहिलाच प्रश्न केला, "रात्री किती वाजेपर्यंत असतं?" दुसरा, "लग्नानंतर चालू ठेवायचं आहे का?" आणि तिसरा, माझ्या बहिणीला बाजूला घेऊन, "त्या लाइनीत लग्नं टिकत नाहीत म्हणतात, म्हणून विचारलं." मुलगा रात्री बारापर्यंत लॅपटॉपवर अमेरिकेशी बोलतो. त्याला कुणी विचारलं नाही की त्या लाइनीत लग्नं टिकतात का. भाचीने चहाचे कप उचलले आणि शांतपणे सांगितलं, "काकू, चालू ठेवायचं आहे." स्थळ गेलं. मला त्या पोरीचा अभिमान वाटला. माझी बहीण मात्र आठ दिवस नीट जेवली नाही.

तर हा प्रश्न गोहर-अमीरबाईंच्या काळाचा नाही. ज्या गप्पा आपण मेलेल्या गायिकांबद्दल मारतो, त्याच गप्पांतून जिवंत मुलींच्या बायोडाटावरच्या ओळी ठरतात. "गायनाची आवड" ही ओळ लग्नाआधी लिहायची आणि लग्नानंतर पुसायची. किती जणींच्या पुसल्या गेल्या ते मोजा एकदा. मंदिरात स्तवनाला जिचा आवाज सगळ्यांत वर लागतो, तिला विचारा, माईकवर गायची परवानगी घरून मिळाली होती का म्हणून.

मला वाटतं, दुसरीची लग्नं आपण इतक्या चवीने मोजतो याचं कारण हेच आहे. आपलं एक तरी आपण ठरवून केलं होतं का, हा प्रश्न त्या मोजण्यात बुडून जातो. जिने एक सोडलं आणि दुसरं केलं तिने निदान दोनदा ठरवलं. ते आपल्याला खुपतं. खुपू दे, पण मग तसं सरळ म्हणूया. तिच्या चारित्र्याचं नाव पुढे करू नये.

आपल्या मंडळात दर वर्षी नाट्यगीतांचा कार्यक्रम होतो आणि निवेदनाचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. मी यंदा गोहर कर्नाटकींचं नाव त्यांच्या गाण्यासकट घेणार आहे, आणि अमीरबाईंचं त्यांच्या चित्रपटांसकट. कुणाचं लग्न कुणाशी झालं होतं ते सांगणार नाही. ऐकायचंच असेल त्यांनी आधी बालगंधर्वांच्या व्यवहाराचा आणि हिमालयवालांच्या हाताचा विषय काढावा. मग मी बसून सगळं सांगेन, तारखांसकट. आणि एक विनंती. पुढच्या वेळी कुणा मुलीसाठी स्थळ बघताना ती गाते, बोलते, आवाज देते असं कळलं, तर पहिला प्रश्न एवढाच विचारा, "बेटा, काय गातेस? ऐकव ना." ती गाऊन होईपर्यंत दुसरा प्रश्न थांबू द्या.